काळे कुंकू, पांढरे झाड : छायाचित्राची साक्ष कितपत खरी?

१/९
जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत लाल कुंकू पुष्कळदा काळेभोर उमटलेले दिसते. आज अवरक्त फिल्टर लावून टिपलेल्या छायाचित्रात त्र्यंबकचा हिरवागार ब्रह्मगिरी बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसतो. यांपैकी कोणत्याही छायाचित्रात लबाडी केलेली नाही. मग रंग फसवतात ते कसे?

२/९
इ.स. १८००. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगापलीकडे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तरी पारा तिथेच सर्वाधिक चढला. हेच अवरक्त किरण.

३/९
१९१० मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर लावून टिपलेली निसर्गदृश्ये प्रसिद्ध केली. झाडे शुभ्र, आकाश काळे! या परिणामाला आजही त्यांचेच नाव आहे. त्याचा लाकडाशी काही संबंध नाही.

४/९
आता नाशिककडे वळू. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१८ मध्ये तिथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली.

५/९
त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. म्हणून अशी फिल्म अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली धुता येई. म्हणूनच लाल वस्त्र वा कुंकू तिच्यावर काळे उमटे, आणि निळे आकाश पांढरेफटक.

६/९
वुड यांचा प्रयोग याच्या नेमका उलट. फाळक्यांच्या काळातली फिल्म तांबड्याच्या अलीकडेच थांबे. अवरक्त फिल्टर तांबड्याच्या पलीकडचेच तेवढे आत सोडतो.

७/९
आज ७२० नॅनोमीटरचा फिल्टर हौशी छायाचित्रकार वापरतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाला अवरक्त किरण जाणवतात, पण रंग बिघडू नयेत म्हणून त्यापुढे ते अडवणारी काच बसवलेली असते. त्यामुळे एका छायाचित्राला कित्येक सेकंद लागू शकतात. तिपाई हवीच, आणि वाराही पडलेला बरा.

८/९
पान पांढरे का दिसते? हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, अवरक्त मात्र सोडून देते. पानाच्या आतल्या पेशी तो विखरून परत फेकतात. निरोगी पान अधिक उजळ दिसते. याच गुणावरून उपग्रह पिकांची प्रकृती ओळखतात. निरभ्र आकाश आणि गोदावरीचे पाणी मात्र काळसर उमटते.

९/९
इतिहासप्रेमी मित्रांनो, जुने छायाचित्र हाती आले की त्यात काय दिसते एवढ्यावर थांबू नका. त्या काचेला वा फिल्मला कोणते रंग दिसत होते, हेही विचारा. काळ्या दिसणाऱ्या वस्त्रावरून ‘ते काळेच होते’ असा निष्कर्ष काढू नका. आणि स्वतः अवरक्त छायाचित्र टिपलेत, तर स्थळ आणि दिनांकाबरोबर फिल्टरचीही नोंद ठेवा. नाहीतर शंभर वर्षांनी कोणीतरी लिहील : एके काळी त्र्यंबकला बर्फ पडत असे!