रयतेची माऊली लक्ष्मीबाई

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली त्यानिमित्तानं ग्रंथ निघतोय. चालकांनी मला सांगितलं, बुवा, तुम्ही पण चार ओळी लिहा. मी शिकलो चौथीपर्यंत. पण कीर्तनात सातारा-सांगलीच्या गावोगावी ज्या एका माऊलीचा दृष्टांत मी देतो, तिचाच इतिहास इथं लिहितो. तिचं नाव लक्ष्मीबाई भाऊराव पाटील.

कर्मवीर भाऊराव अण्णा सगळ्यांना ठाऊक हायत. जन्म २२ सप्टेंबर १८८७, गाव कुंभोज. मूळ घर वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. लक्ष्मीबाई कुंभोजच्याच पाटील घराण्यातल्या. जैनाचं घर, खाऊनपिऊन सुखी. सोवळंओवळं कडक. लग्नात अंगावर भरपूर सोनं आलेलं. असं माणूस पुढं काय करील हे कुणाला वाटलं नसंल.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी अण्णांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्था साताऱ्यात आली आणि बोर्डिंग सुरू झालं. अण्णा गावोगाव पायी हिंडायचे. कुणाचं पोर हुशार पण बाप गरीब, कुणाला आईबापच नाहीत, अशी पोरं गोळा करून आणायचे. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातीची. आणून सोडायची कुणाच्या पदरात? तर लक्ष्मीबाईंच्या.

इथंच खरी परीक्षा होती. जन्मभर सोवळं पाळलेल्या बाईनं महारामांगाच्या लेकराला चुलीपाशी कसं घ्यावं? पहिल्यांदा जड गेलं असंल. पण भुकेल्या लेकराचं तोंड बघितलं की आईला जात दिसत नाही. त्यांनी सोवळं सोडलं. आजारी पोराच्या उशाला बसल्या, कुणाचं डोकं धुतलं, भाकरी थापल्या, एका पंगतीला वाढलं. आपलं पोर आणि परक्याचं पोर यात भेद ठेवला नाही.

महात्मा गांधी १९२७ साली साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते बोर्डिंगला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. नाव मोठं झालं, पण कणगीत धान्य असेलच असं नव्हतं. अण्णा पैशासाठी परगावी जायचे, मागं पोरं उपाशी. तेव्हा बाईंनी एकेक दागिना काढून दिला. सगळं सोनं संपल्यावर शेवटी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं आणि पोरांच्या पोटात अन्न घातलं. आपल्या बायामाणसांना मंगळसूत्राची किंमत सांगायला नको. तोळ्यात ती मोजता येत नाही.

१९३० साली बाई गेल्या. संस्थेचा वड झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. अण्णा त्यांच्यामागं २९ वर्षं राबले, ९ मे १९५९ ला गेले. आज संस्थेच्या सातशेच्या वर शाखा हायत, बोधचिन्ह वडाचंच. वडाच्या पारंब्या सगळ्यांना दिसतात, मूळ जमिनीत असतं. लोक त्यांना रयत माऊली म्हणतात ते उगीच नाही.

आता आपल्याकडं बघा. वारकरी एकमेकाच्या पाया पडतो, माऊली म्हणतो. पण पूर्वी वारीत सुद्धा पंगती जातीजातीच्या वेगळ्या बसायच्या, हे जुनी माणसं सांगतात. पंढरीचं देऊळ हरिजनांना उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. त्याच्या वीस वर्षं आधी साताऱ्यात एका बाईनं आपल्या चुलीचा दरवाजा उघडला होता. तिनं प्रवचन केलं नाही, कीर्तन केलं नाही. नुस्तं वाढत राहिली. कीर्तनात मी तासभर समता सांगतो, ती त्या बाईनं एका ताटात दाखवली.

म्हणून दिंडीतल्या तरुणांना माझी विनंती हाय. साताऱ्याला गेलात तर अण्णांच्या समाधीला हात जोडा आणि त्या माऊलीचीही आठवण काढा. तळावर स्वयंपाक करणाऱ्या आपल्या मायबहिणींना आधी वाढा, मग आपण बसा. दारात कुणी उपाशी आला तर जात, गाव, दिंडीचा नंबर विचारू नका. शंभर वर्षं आपली पताका टिकली ती अशाच हातांच्या भाकरीवर.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.