धामारीचा दरोडा आणि आबांचं कुलूप

आमच्या पाबळजवळच धामारी गाव आहे. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा घातला तो तिथेच. अशा काळात घरात बंदूक असावी असं कुणालाही वाटणार. पण आदल्याच वर्षी इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला होता: आपल्या लोकांना परवाना, गोऱ्यांना सूट. आजही १९५९ च्या कायद्यानं परवाना लागतोच, शिवाय बंदूक घरात सुरक्षित ठेवायची जबाबदारीही आपलीच.

आमचे आबा बंदूक कुलपात ठेवायचे, काडतुसं वेगळ्या पेटीत. मी विचारलं, "आबा, चोर आल्यावर किल्ली शोधत बसणार का?"

"चोर कधीतरी येईल. तुम्ही पोरं रोज घरात असता."

पटलं. भेटू पुढच्या भागात!