न्यायाची भाषा व अरण्यातील बंदी : चांदा-गडचिरोली प्रदेशाच्या इतिहासातील एक प्रश्न

चंद्रपूर शहराच्या गोंडकालीन तटाच्या आत, जेथे पूर्वी गोंड राजांचा वाडा होता, तेथे आज जिल्हा कारागृह आहे. ह्या कारागृहाच्या आवारातील पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके ह्यांना फाशी देण्यात आले. दरवर्षी त्या दिवशी गोंड समाज तेथे त्यांना अभिवादन करतो. राजवाड्याच्या जागी तुरुंग यावा, ही गोष्ट केवळ वास्तूच्या इतिहासापुरती मर्यादित नाही. ह्या प्रदेशातील अरण्यवासीयांचा आधुनिक दंडन्यायाशी जो संबंध आला, तो कोणत्या भूमीवर व कोणाच्या भाषेत आला, ह्याचा विचार करण्यास ही जागा भाग पाडते.

१८५८ च्या घटना सुपरिचित आहेत. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाल्यानंतर चार वर्षांच्या आत बाबुराव शेडमाके व अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव ह्यांनी शस्त्र उचलले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई ह्यांच्या साहाय्याने कॅप्टन क्रिक्टन ह्याने बाबुरावांना पकडविले. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले. १८६० साली तेथील राजाने त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले व त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ह्या दोन्ही शिक्षा भारतीय दंडसंहिता अमलात येण्यापूर्वीच्या आहेत. ती संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. अर्थात येथील अरण्यवासीयांनी आधुनिक शासनाची फाशी आधी पाहिली आणि त्याचा लिखित कायदा नंतर. सरकारी अहवालांनी ह्या कृत्यास ‘बंड’ म्हटले. गोंडांच्या मौखिक परंपरेने त्यास पराक्रम म्हटले. कृत्य एकच, नावे दोन. दंडन्यायाचे पहिले कार्य शिक्षा देण्याचे नसून नाव देण्याचे असते, आणि हे नाव आरोपीच्या भाषेत क्वचितच दिले जाते.

पुढे आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितांना ह्या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत दिलेली साक्ष त्याला कळेल अशा भाषेत उघड न्यायालयात सांगितली पाहिजे, हा नियम १८९८ च्या संहितेत होता व १९७३ च्या संहितेतही कायम राहिला. आरोपीचा जबाब तो ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत नोंदवावा, असेही सांगितले गेले. मात्र ‘शक्य असल्यास’. ते शक्य नसेल तर न्यायालयाच्या भाषेत नोंदविण्यास मुभा होती. आरोपी वेडा नाही, तथापि त्याला कामकाज समजावून देताच येत नाही, अशा स्थितीतही खटला पुढे चालविता येई. केवळ दोषसिद्धी झाल्यास कागदपत्रे उच्च न्यायालयाकडे पाठविणे आवश्यक होते.

माडिया गोंडी बोलणाऱ्यांच्या बाबतीत ‘शक्य असल्यास’ ह्या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावलेले आहे. ह्या बोलीस व्यवहारात रुळलेली लेखनपरंपरा नाही. गोंडीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश नाही. त्यामुळे भामरागडच्या डोंगरातील मनुष्याचे बोलणे प्रथम दुभाष्याच्या मुखाने मराठी होते, मग लेखनिकाच्या हाताने जबाब होते, आणि अपिलात गेल्यावर इंग्रजी होते. ह्या प्रत्येक पायरीवर काय घडू शकते, ह्यासाठी दोन साधी उदाहरणे पुरेशी आहेत.

मराठीतील ‘मारणे’ हे क्रियापद घ्यावे. ‘मी त्याला मारले’ ह्याचा अर्थ ‘मी त्याला तडाखा दिला’ असाही होतो व ‘मी त्याचा जीव घेतला’ असाही होतो. मराठी मातृभाषा असणारा ‘ठार’ किंवा ‘जिवे’ हे शब्द जोडून वा वगळून आपला आशय स्पष्ट करतो. ज्याची मराठी बाजारहाटापुरती आहे, त्याच्याकडून हा विवेक अपेक्षिता येत नाही. परंतु दंडसंहितेत एका अर्थापासून कलम ३२३ निघते व दुसऱ्यापासून कलम ३०२. म्हणजे एकीकडे फार तर एक वर्षाची कैद आणि दुसरीकडे जन्मठेप किंवा फाशी. दुसरे उदाहरण सर्वनामाचे. ‘आपण जाऊ’ म्हणणारा ऐकणाऱ्याला बरोबर घेतो. ‘आम्ही जाऊ’ म्हणणारा त्याला वगळतो. हा भेद मराठीत आहे, द्राविडी कुलातील अनेक भाषांत आहे. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. समान उद्देशाने केलेल्या कृत्याची जबाबदारी सर्वांवर टाकणारे कलम ३४ लावताना हा वगळलेला मनुष्य भाषांतरात पुन्हा आत ओढला जाऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या व कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही अडचण बदललेली नाही.

निकालानंतर भाषेचा प्रश्न संपतो असेही नाही; तुरुंगाच्या दारात तो नव्याने सुरू होतो. कारागृहाची परिभाषा स्वतःच थरांची बनलेली आहे. ‘बराक’, ‘वॉर्डर’, ‘जेलर’ इंग्रजीतून आले. ‘मशक्कत’, ‘मुलाकात’, ‘माफी’, ‘कैद’ अरबी-फारसीतून. ‘बंदी’, ‘न्यायाधीन’, ‘सिद्धदोष’ हे संस्कृतातून. गोंडीचा ह्या कोशात वाटा नाही. बंद्याचा दिवस मात्र ह्याच शब्दांनी चालतो. सकाळी गिनती, मग न्याहारी, मग मशक्कत, संध्याकाळी पुन्हा गिनती व कुलूप. हे शब्द तो हळूहळू शिकतो, कारण ते आज्ञेचे शब्द आहेत. जे शब्द त्याच्या हिताचे आहेत ते त्याला उशिरा कळतात. शिक्षेतील माफी, अपिलाची मुदत, संचित रजेचा अर्ज ही सर्व कागदाची कामे होत, आणि तेथे अक्षर जाणणाऱ्या दुसऱ्या बंद्याच्या मर्जीवर त्यास अवलंबून राहावे लागते. मुलाकातीला कोणी आले तर आपल्या बोलीत चार शब्द होतात. परंतु भामरागडहून चंद्रपूर वा नागपूरपर्यंत येण्यास मजुरीचे दिवस व प्रवासखर्च दोन्ही लागतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद होते.

शेजारच्या बस्तरमधील मारियांच्या शंभर खून-खटल्यांचा अभ्यास व्हेरियर एल्विन ह्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. खुनामागील कारणांबरोबरच तुरुंगात मारियाचे काय होते, हाही त्यांनी अभ्यासाचा विषय मानला. ही दृष्टी महत्त्वाची होय. कारण समान कालावधीची शिक्षा सर्वांना समान नसते. ज्याच्याशी बोलणारे कोणी नाही, त्याची कैद एकांतवासाच्या जवळ जाते.

ह्या संदर्भात विदर्भातूनच गेलेला एक निर्णय स्मरणीय आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या १९६२ च्या प्रकरणात केवळ हिंदी जाणणाऱ्या स्थानबद्धास स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती; पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावून सांगितली, हे सर्वोच्च न्यायालयाने पुरेसे मानले नाही. कारणे ‘कळविणे’ म्हणजे ती त्या व्यक्तीला कळणे, असा ह्या निर्णयाचा आशय आहे. परंतु हिंदी ही लिहिली जाणारी भाषा होती. भाषांतराचा कागद हाती देता येत होता. माडिया बंद्याच्या हाती कोणता कागद द्यावा, ह्याचे उत्तर त्या निर्णयात शोधून उपयोग नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातींच्या व्यक्तींस व कोठडीतील व्यक्तींस विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला. तथापि वकील आणि पक्षकार ह्यांच्यामध्येच दुभाष्या लागत असेल, तर तो हक्क अर्धाच राहतो.

ह्यावर उपाय मोठा खर्चिक आहे असे नाही. जबाब प्रथम मूळ बोलीत, देवनागरीत का होईना, शब्दशः उतरून घ्यावा वा ध्वनिमुद्रित करावा, आणि भाषांतर त्याच्या शेजारी ठेवावे. म्हणजे पुढे शंका आल्यास मुळाकडे परतता येईल. गोंडी, माडिया व मराठी ह्यांतील गुन्हा, हेतू, संमती, इजा, मृत्यू ह्यांविषयीच्या शब्दांचा तौलनिक कोश तयार होणे अगत्याचे आहे, आणि हे काम न्यायखात्याचे नसून विद्यापीठांच्या भाषाविभागांचे आहे. ते आजवर का झाले नाही, हा प्रश्नही त्याच विभागांनी स्वतःस विचारावयाचा आहे.