उभे वाहन ‘वापरात’ असते काय?

नवापूर–विसरवाडी महामार्गावर रात्री कडेला लावलेल्या गाडीला ट्रक धडकला, की पहिला प्रश्न एकच : नुकसान कोण भरणार? दोष ट्रकचा असेल, तर ट्रकचा विमा. हे उत्तर वाटते तितके जुने नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीचा विमा १९४६मध्ये अमलात आला, तो केवळ तिऱ्हाइताच्या मृत्यू व इजेसाठी. त्याची मालमत्ता १९६९च्या दुरुस्तीने आत आली. १९८८च्या कायद्यानेही या नुकसानीची मर्यादा ६,००० रुपयेच ठेवली. एवढ्यात दरवाजा तरी बदलून मिळाला असता का, कोण जाणे!

आणि उभ्या वाहनानेच घात केला तर? २९ ऑक्टोबर १९८७. पुणे–बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पहाटे तीनच्या सुमारास ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला. पेट्रोल गळत राहिले, लोक जमले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला. काही जण भाजून मरण पावले.

उलटून निश्चल पडलेला टँकर ‘वापरात’ नव्हताच, असा युक्तिवाद झाला. १७ जुलै १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : वाहन थांबलेले, बिघडलेले वा अपघाताने निकामी झालेले असले तरी ते वापरातच असते. दोष सिद्ध न करता मृताच्या वारसांना मिळणारी ती भरपाई होती १५,००० रुपये. तेवढ्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेले.