गांजाच्या शेतातला पोतदार

हा भाग ऐकून झाल्यावर घरी कुणी विचारलं की कानात काय लावून बसलायस, तर सरळ सांगा, इतिहास ऐकतोय. कारण विषय गांजाचा असला तरी आज बोलायचंय ते शेतीबद्दल, आणि शेतीपेक्षाही वजनकाट्याबद्दल.

मला हा विषय सुचला गेल्या दिवाळीत, मामाच्या गावी. नगर जिल्हा, आताचं अहिल्यानगर. गावातल्या एका शेतकऱ्याच्या तुरीत गांजाची झाडं सापडली होती. पेपरात अशा बातम्या आपण वाचतोच, कधी तूर असते, कधी कपाशी, कधी ऊस. बातमीत फक्त एवढंच असतं की इतके किलो, इतक्या लाखांचा माल. मामा मात्र पंचनाम्याच्या वेळी तिथे उभा होता. रात्री ओसरीवर बसल्यावर म्हणाला, "अरे, मुळासकट उपटली आणि तशीच काट्यावर टाकली. ओली झाडं, खोडं, मुळाला ढेकळं चिकटलेली. आता त्यातला गांजा किती आणि आमच्या शिवाराची माती किती, हे कोण सांगणार?"

मी इंजिनिअर. मोजमापातली चूक दिसली की माझी झोप जाते. पुण्याला परत आल्यावर मी कायदा उघडला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू असलेला अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यात गांजाची व्याख्या आहे, आणि ती पहिल्यांदा वाचून मी चक्रावलोच. गांजा म्हणजे झाड नव्हे. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. सोबत शेंडे नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात धरायच्या नाहीत. म्हणूनच उत्तरेत काही ठिकाणी पानांची भांग आजही सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते.

म्हणजे कायद्याला हवं असतं फूल. पण ही फूल-पान-राळ अशी विभागणी केली कुणी? एखाद्या दिल्लीच्या अधिकाऱ्याला झाडाचं एवढं बारीक ज्ञान कुठून आलं? ते शोधता शोधता मी जाऊन पोचलो बंगालमध्ये, सव्वाशे-दीडशे वर्षं मागे, नौगाव नावाच्या गावी.

नौगाव आता बांगलादेशात आहे. इंग्रजांच्या काळात राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्याला 'गांजा महाल' म्हणत. महाल म्हणजे राजवाडा नाही, महसुलाचा इलाखा. बंगालभर विकला जाणारा गांजा या लहानशा पट्ट्यातच पिकवायचा, तोही परवान्याने, असा सरकारचा नियम होता. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर परवाना, शेताची मोजणी, पीक उभं असताना पहारा, आणि तयार माल सरकारच्या देखरेखीखालच्या गोदामात. त्या गोदामांना गोला म्हणत. तिथून माल बाहेर पडताना कर भरायचा. १८७७ मध्ये हेमचंद्र केर या डेप्युटी कलेक्टरने या सगळ्याचा सविस्तर अहवाल लिहिला. १८९३ मध्ये डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दुसरा लिहिला. हे अहवाल कंटाळवाणे असतील असं वाटलं होतं. पण त्यात एक माणूस भेटतो, त्याच्यासाठी मी हा सगळा भाग केलाय.

त्याआधी झाडाबद्दल थोडं. पपईची बाग ज्यांच्याकडे आहे त्यांना लगेच कळेल. पपईत नर झाड वेगळं असतं, मादी वेगळं. गांजाच्या झाडाचंही तसंच. नराचे पराग वाऱ्यावर उडतात, मादीच्या फुलावर बसले की तिथे बी धरतं. आणि बी धरलं की झाडाची सगळी ताकद बियांकडे वळते, शेंड्यातली चिकट राळ कमी होते, माल कवडीमोल होतो. पपईवाल्याला फळ हवं असतं म्हणून तो एखादं नर झाड ठेवतो. नौगावच्या शेतकऱ्याला फळ नकोच होतं. फूल हवं होतं, आणि ते फूल शेवटपर्यंत वांझ राहायला हवं होतं.

मग एवढ्या झाडांमधून नर ओळखायचे कसे? फुलं उमलल्यावर कुणीही ओळखेल, पण तोवर उशीर झालेला असतो. कळी नीट दिसायच्या आधी, बारीकशा खुणांवरून ओळखावं लागतं. हे काम शेतकऱ्याला जमत नसे. त्यासाठी बाहेरून एक माणूस बोलवत. इंग्रजी कागदांत त्याला गांजा-डॉक्टर म्हटलंय. गावकरी त्याला म्हणत पोद्दार, किंवा परखदार.

आता हे दोन शब्द नीट ऐका. परखदारात आपली 'पारख' आहे. आणि पोद्दार म्हणजे आपला पोतदार! नाण्यांची पारख करणारा, खरा रुपया आणि खोटा रुपया वेगळा काढणारा. आपल्याकडे ते आडनाव झालं, बंगालमध्येही झालं. पण नौगावच्या शेतात हा पोतदार नाणी नाही, झाडं पारखायचा. मला हे वाचून इतका आनंद झाला की ऑफिसमधल्या एका पोतदार आडनावाच्या मैत्रिणीला लगेच मेसेज केला. तिने फक्त अंगठा पाठवला.

पीक कसं चालायचं ते सांगतो. पावसाळ्यात रोपवाटिका. पाऊस ओसरताना रोपं शेतात. दिवाळीच्या सुमारास झाडं फुलण्याच्या बेतात आली की पोद्दार यायचा. ओळीतून चालत जायचा, एकेका झाडापाशी थांबून बघायचा, आणि नर वाटला की तिथल्या तिथे मोडायचा. त्याच्या मागून शेतकरी ती झाडं उपटत जायचा. एका फेरीत काम संपत नसे. आज न कळलेलं झाड चार दिवसांनी कळतं, म्हणून पुन्हा फेरी. त्यानंतर शेतकरी स्वतः रोज बघत राहायचा, कारण मादी झाडावरही एखादं नर फूल येऊ शकतं. आणि बांधापलीकडच्या माणसाने हलगर्जी केली तर वारा त्याचे पराग तुमच्या शेतात आणणारच. पोद्दाराची नजर एका शेतात चुकली तर नुकसान चार शेतांचं. माघ-फाल्गुनात कापणी होईपर्यंत ही धाकधूक.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. ज्या झाडाला शास्त्र नर म्हणतं, त्याला हे शेतकरी 'मादी' म्हणत. उपटून टाकायचं ते मादी! हे वाचून इंग्रज अधिकारी हसले असतील, पण त्यांनी हसायला नको होतं. त्यांच्याच देशात तागासाठी याच जातीचं झाड लावत, आणि तिथल्या शेतकऱ्यांनीही नेमकी हीच अदलाबदल केली होती. परागवाल्या, बारीक झाडाला ते 'फिंबल' म्हणत, आणि तो शब्द मुळात 'फिमेल'चाच अपभ्रंश. दणकट, बी धरणारं ते पुरुष, नाजूक ते बाई, असा दोन्हीकडचा हिशेब. झाडांना लिंग असतं हे प्रयोगाने दाखवणाऱ्या कॅमेरारियसलाही या झाडाने छळलं होतं. जर्मनीत ट्युबिंगनला १६९४ मध्ये त्याने आपलं म्हणणं मांडलं, पण नरांपासून दूर ठेवलेल्या मादी झाडांनीही थोडं बी धरलं, आणि त्याचं उत्तर त्याला सापडेना. नौगावचा शेतकरी पोद्दार गेल्यावरही रोज शेतात का जायचा, ते आता लक्षात येईल.

फुलण्याच्या वेळेचंही तसंच. हे झाड रात्र मोजतं. रात्र लांबायला लागली की फुलायचं ठरवतं. शास्त्राला हे कळलं विसाव्या शतकात. पॅरिसमध्ये ज्यूलियँ तूर्नवा नावाचा तरुण हॉप्स आणि याच झाडावर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात वाढवलेली रोपं अवेळी, लहानपणीच फुलतात हे त्याने पाहिलं, आणि कारण उजेडाच्या तासांत आहे असं १९१२ ते १९१४ च्या दरम्यान लिहिलं. १९१४ मध्येच महायुद्धात तो मारला गेला. या गोष्टीला नाव मिळालं अमेरिकेत १९२० मध्ये, तंबाखूवर काम करणाऱ्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांच्यामुळे. तूर्नवाचं नाव किती जणांनी ऐकलंय? मीही गेल्या महिन्यापर्यंत ऐकलं नव्हतं.

असो. परत नौगावला. कापणी झाली की झाडं 'चातर' नावाच्या मोकळ्या जागेत नेत आणि पायांनी तुडवत. तुडवण्याच्या पद्धतीवरून मालाचे प्रकार. चपटा गांजा, ज्यात शेंड्यासोबत काड्या राहत. गोल गांजा, ज्यात काड्या कमी. आणि चूर, म्हणजे नुसते मोडलेले शेंडे. आता तुम्ही सरकार आहात आणि शेरावर कर लावायचाय. तिन्हीला सारखा दर लावला तर काय होईल? चपटा घेणारा काड्यांवर कर भरेल, आणि चूरवाला स्वस्तात सुटेल. म्हणून दर वेगवेगळे ठेवले. चपट्याला सगळ्यात कमी, गोलला त्याहून जास्त, चूरला सगळ्यात जास्त.

हे वाचताना मला मामाच्या गावचा काटा आठवला. लोकांवर राज्य करून पैसा काढणाऱ्या सरकारला काडी आणि शेंडा यातला फरक कळत होता. कळवळा वगैरे काही नव्हता, महसुलाचा प्रश्न होता. पण कळत होता.

मग लंडनमध्ये आवाज उठला. २ मार्च १८९३ ला विल्यम केन या खासदाराने पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला, की या पिकाचा लोकांच्या नीतीवर आणि तब्येतीवर काय परिणाम होतो याची चौकशी करा. जुलैमध्ये सात जणांचा आयोग नेमला गेला, अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सातातले तीन भारतीय. आयोगाने ११९३ साक्षीदारांचं म्हणणं घेतलं आणि ऑगस्ट १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्याच्याही साक्षी आहेत त्यात. आणि हो, मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचं मुख्य ठिकाण कोणतं होतं? अहमदनगर. मामाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "मग आता काय, गावात पाटी लावू?"

आयोगाचं सगळ्यात भारी काम मात्र शेतात नाही, वेड्यांच्या इस्पितळात झालं. गांजामुळे किती लोक वेडे होतात याचे आकडे तेव्हा छापले जात. आयोगाने १८९२ सालची प्रकरणं एकेक करून तपासली. कळलं असं, की रुग्णासोबत एक फॉर्म यायचा, त्यात 'वेडाचं कारण' असा रकाना. तो भरायचे बहुतेक वेळा पोलीस, आणि कारण माहीत नसलं तर गांजा लिहून मोकळे. इस्पितळ तेच रजिस्टरमध्ये उतरवायचं. माझ्यासारख्या रोज डेटा बघणाऱ्याला हे ऐकून आश्चर्य नाही वाटणार. रकाना रिकामा सोडता येत नसेल तर माणूस काहीतरी भरतोच. यातली बरीच प्रकरणं आयोगाने बाद ठरवली. निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने बहुतेकांना म्हणण्यासारखी इजा होत नाही, अतिसेवन वाईट, आणि सरसकट बंदीची गरज नाही. लागवड परवान्याने, कमी जागेत, कर लावून चालू द्या. थोडक्यात, नौगावचाच नमुना.

लगेच कुणी हा अहवाल आजच्या वादात हत्यार म्हणून फिरवू नका. तेव्हाच्या सरकारची तिजोरी यात गुंतलेली होती, आणि वैद्यकीय ज्ञान १८९४ चं होतं. मला त्यातून घ्यायचंय ते एवढंच, की या लोकांनी आकडा कुठून आला हे विचारलं.

नौगावचं पीक पुढे बरंच टिकलं. १९१७ मध्ये तिथल्या गांजा उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी झाली. फाळणी झाली, बांगलादेश झाला, तरी पीक चालू होतं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर जगभर पेच आवळत गेला आणि १९८७ मध्ये नौगावची लागवड बंद झाली. त्या करारातही व्याख्या फुललेल्या, फळलेल्या शेंड्यांचीच आहे, आणि आपल्या १९८५ च्या कायद्यातही. पोद्दाराने शेतात जो फरक डोळ्यांनी केला तो अबकारीच्या दरपत्रकात गेला, आणि कायद्याच्या पुस्तकातही तोच फरक आहे. दरपत्रकात पोद्दाराचं नाव नाही. केर आणि प्रेन यांची नावं मला मिळाली, एकाही पोद्दाराचं मिळालं नाही.

आता मामाच्या गावच्या शेतकऱ्याचं. परवान्याशिवाय लागवड हा गुन्हा आहेच, त्यात वाद नाही, एका झाडाचीही. पण गांजाच्या प्रकरणात एक किलोपर्यंत 'अल्प' आणि वीस किलोच्या वर 'व्यावसायिक' प्रमाण धरतात, आणि व्यावसायिक ठरलं की जामीन मिळणं फार अवघड. म्हणजे मुळं, खोड, पानं आणि ढेकळं काट्यावर गेली की माणूस किती महिने आत राहणार तेही बदलतं. मुंबई उच्च न्यायालयासकट अनेक न्यायालयांनी हा मुद्दा मान्य करून जामीन दिलेत, की शेंडे वेगळे करून वजन केलेलं नाही. पण तिथवर पोचायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे.

मामाला मागच्या आठवड्यात विचारलं, त्या शेतकऱ्याचं काय झालं? म्हणाला, अजून आतच आहे, तूर त्याच्या भावाने काढली. मी म्हटलं, वकिलाला व्याख्येचं सांगितलंय का कुणी? मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू लिहून पाठव. मराठीत पाठव. मी नेऊन देतो."

पाठवलंय.