न्यू वेव्ह : नाव कुणाचं, सूर कुणाचे?

‘न्यू वेव्ह’ म्हटलं की आपल्याकडे आधी सिनेमा आठवतो. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ १९६९ साली आला आणि नव्या लाटेच्या सिनेमाची चर्चा सुरू झाली. शब्द मूळचा फ्रेंच. गोदार, त्रुफो या मंडळींच्या सिनेमाला ‘नुव्हेल व्हाग’ म्हटलं गेलं. तिथून तो शब्द आपल्याकडे आला, तसाच अमेरिका-इंग्लंडच्या पॉप संगीतातही शिरला. मला या संगीताचं वेड आहे. पण ‘न्यू वेव्ह म्हणजे नेमकं काय?’ असं कुणी विचारलं की एका वाक्यात उत्तर देता येत नाही. कारण या नावाखाली इतके वेगवेगळे आवाज कोंबले आहेत की त्यांना एकत्र बांधणारी दोरी इतिहासातच शोधावी लागते.

सुरुवात न्यूयॉर्कमधून करू. बावरी नावाच्या तेव्हाच्या बकाल रस्त्यावर हिली क्रिस्टल यांनी डिसेंबर १९७३मध्ये ‘सीबीजीबी’ हा क्लब उघडला. नावाची फोड होती कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज. प्रत्यक्षात तिथं उभे राहिले रामोन्स, टेलिव्हिजन, ब्लाँडी आणि टॉकिंग हेड्स. पंक रॉक म्हणून जे गाजलं, त्याचं हे एक घर. दुसरं घर लंडनमध्ये होतं.

पंकची अडचण अशी की तो विकायला अवघड होता. शिव्या, फाटके कपडे आणि गोंधळ यांमुळे रेडिओवाले बिचकत. टॉकिंग हेड्स आणि रामोन्स यांच्या रेकॉर्ड काढणारे ‘सायर रेकॉर्ड्स’चे सिमोर स्टाइन यांनी १९७७ साली प्रचार मोहीमच उघडली. आमच्या बँडना पंक म्हणू नका, न्यू वेव्ह म्हणा, असा तिचा सूर होता. शब्द त्याआधीही समीक्षकांच्या लिखाणात होता, पण बाजारात त्याची पाटी लागली ती अशी. म्हणजे हे नाव संगीतकारांनी स्वतःला घेतलेलं नाही, दुकानदाराने दिलेलं आहे.

नाव बाजारू असलं तरी त्यामागचा बदल खरा होता. सत्तरच्या दशकातल्या रॉकमध्ये गिटारवादकाचे लांबलचक एकल तुकडे म्हणजे कर्तबगारीचा पुरावा समजला जाई. न्यू वेव्हने ते कापून टाकले. गाणी आटोपशीर झाली. गिटार ताल धरू लागली, तुटक आणि कोरडी. बेस आणि ड्रम पुढे आले. गायकाचा आवाज मर्दानी गर्जना सोडून चिंताग्रस्त, अवघडलेला, कधी यंत्रासारखा सपाट झाला. विषयही बदलले. टीव्ही, इमारती, नोकरी, खरेदी, शहरातला एकटेपणा अशा गोष्टी गाण्यात आल्या, बऱ्याचदा तिरकस विनोदाने. टॉकिंग हेड्सचे डेव्हिड बर्न, ख्रिस फ्रांट्झ आणि टीना वेमाउथ हे ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेतले विद्यार्थी. कव्हर, कपडे, रंगमंच हा सगळा त्यांच्या दृष्टीने गाण्याचाच भाग होता.

त्यात एक मोठं कारण यंत्राचं. सत्तरच्या दशकाअखेर सिंथेसायझर स्वस्त आणि सुटसुटीत झाले. गॅरी न्यूमनला एका स्टुडिओत कुणीतरी ठेवून गेलेला मिनीमूग सापडला आणि त्याने गिटार बाजूला सारली. १९७९मध्ये तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. पोलादासाठी ओळखल्या जाणाऱ्या शेफील्डमधून ‘द ह्यूमन लीग’ आला. अमेरिकेतल्या रबर उद्योगाचं शहर अ‍ॅक्रन इथून ‘डेवो’ आला. डेवोचे जेराल्ड केसाल हे केंट स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी. ४ मे १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील निदर्शनांवर नॅशनल गार्डने गोळीबार केला, चार विद्यार्थी मेले, तेव्हा केसाल तिथं हजर होते. माणूस प्रगत होत नसून मागे चालला आहे, ही डेवोची थट्टेखोर कल्पना त्या दिवसाशी जोडलेली आहे. वरवर खेळकर वाटणाऱ्या या संगीताखाली अशी राख होती.

या संगीताचं मला सगळ्यात आवडणारं वैशिष्ट्य मात्र वेगळंच आहे. ते म्हणजे शेजाऱ्याचं ऐकण्याची तयारी. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवण्यात आल्या. डिस्को हे काळ्यांचं, लॅटिनो आणि समलिंगी लोकांचं संगीत म्हणूनही अनेकांना खुपत होतं. त्याच वर्षी सीबीजीबीतून आलेल्या ब्लाँडीचं ‘हार्ट ऑफ ग्लास’ हे डिस्कोच्या ठेक्यावरचं गाणं अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिलं आलं. पंकच्या कट्टर चाहत्यांनी त्यांना गद्दार ठरवलं. ‘द पोलीस’ने जमैकाच्या रेगेचा ताल उचलला. याच बँडने मार्च १९८०मध्ये मुंबईत येऊन कार्यक्रम केला होता. टॉकिंग हेड्सने ब्रायन ईनो यांच्यासोबत १९८०मध्ये ‘रिमेन इन लाइट’ केला, त्यात नायजेरियाच्या फेला कुटींच्या आफ्रोबीटचा ठसा उघड आहे. बर्न यांनी तो लपवला नाही. पत्रकारांना दिलेल्या कागदपत्रांत त्यांनी आफ्रिकी संगीतावरच्या पुस्तकांची यादीच जोडली होती.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न नुसता ठेक्याचा नव्हता. ऑगस्ट १९७६मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून एरिक क्लॅप्टन यांनी परदेशी लोकांना हाकला, अशी भाषा केली. दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लींचं गाणं गाऊन त्यांनी अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला होता. या विधानाच्या निषेधातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिची विराट सभा झाली. चारच दिवसांनी, ४ मे रोजी, पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. त्याच्या नावाने तिथं आज उद्यान आहे. गाण्याची सभा झाली म्हणून खून थांबत नाहीत. पण कोण कुणाच्या बाजूला उभं आहे, हे तरी स्पष्ट होतं.

कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्स यांनी १९७९मध्ये ‘टू टोन’ ही कंपनी काढली. त्यांच्या ‘द स्पेशल्स’ बँडमध्ये काळे-गोरे एकत्र होते. मोटार कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढत होती. १९८१च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या शहरांत दंगली पेटल्या, तेव्हा त्यांचं ‘घोस्ट टाउन’ हे उजाड शहराचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. माझ्या आवडीच्या यादीत ते कायम वरच असतं.

याच काळात दक्षिण लंडनमध्ये पाकिस्तानी वंशाच्या तीन तरुणांनी एका गोऱ्या गिटारवादकासोबत ‘एलियन कल्चर’ हा बँड केला. मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८मध्ये एका मुलाखतीत वेगळ्या संस्कृतीच्या लोकांच्या लोंढ्याची भीती लोकांना वाटते, असं म्हटलं होतं. बँडचं नाव त्याला दिलेलं उत्तर होतं. १९८०मध्ये त्यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली आणि लवकरच बँड विरून गेला. १९८२मध्ये भारतीय वंशाच्या किशोरवयीन शीला चंद्राने ‘मान्सून’ या बँडकडून गायलेलं ‘एव्हर सो लोनली’ मात्र ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. सतार आणि तबला पॉपच्या कार्यक्रमात घराघरांत पोचले.

मुस्लीम श्रोता म्हणून मला थांबायला लावणाऱ्या दोन रेकॉर्ड आहेत. पहिली, ईनो आणि बर्न यांची १९८१ची ‘माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स’. तिच्यात रेडिओवरचे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतले आवाज ठेक्यावर बसवले आहेत. लेबनॉनच्या दुनिया यूनुस यांचा आवाज त्यात आहे आणि तो ऐकताना अंगावर काटा येतो. पण एका तुकड्यात अल्जेरियातलं कुरआन पठण वापरलं होतं. ब्रिटनमधल्या इस्लामिक संस्थेने आक्षेप घेतला आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो तुकडा काढण्यात आला. मला तो निर्णय योग्य वाटतो. कारी सुरात पढतो, पण तो गवय्या नसतो. तिलावत ही इबादत आहे, तिच्याखाली ड्रम वाजवून तिचा साउंड इफेक्ट करणं वेगळं आणि फेला कुटींकडून ताल शिकणं वेगळं. त्या गायिकेच्या सुरावटीवर मात्र बंदी नको, हेही तितकंच खरं.

दुसरी, ‘द क्युअर’चं १९७८चं ‘किलिंग अ‍ॅन अरब’. गाणं अल्बेर काम्यू यांच्या १९४२च्या कादंबरीवर बेतलेलं आहे. त्यात द्वेषाचा प्रचार नाही. पण काम्यूंच्या कादंबरीत मारल्या जाणाऱ्या अरबाला नाव नाही, आणि गाण्याच्या मथळ्यातही तो फक्त ‘एक अरब’ आहे. वंशद्वेष्ट्यांना कादंबरी वाचायची गरज नव्हती, मथळा पुरेसा होता. १९८६च्या संग्रहात हे गाणं आलं तेव्हा अमेरिकेतल्या अरबांच्या संघटनेने निषेध केला. बँडने बंदी न पत्करता रेकॉर्डवर खुलाशाची चिठ्ठी चिकटवायला मान्यता दिली आणि गाण्याचा वंशद्वेषी वापर होऊ नये, असं जाहीर केलं. पुढे मंचावर शब्दही बदलले. एखादी कलाकृती निर्दोष असूनही जखम करू शकते, आणि जखमी माणसाचं ऐकून घेतल्याने कलाकार लहान होत नाही, हे मला या प्रकरणातून दिसतं.

आपल्याकडे ही लाट नाव न सांगता आली. ‘द बगल्स’चं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ १९७९चं. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं ते याच गाण्याने. पुढच्याच वर्षी ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरी यांनी त्याच चालीवर ‘कोई यहाँ नाचे नाचे’ बांधलं. गणपतीत, लग्नाच्या वरातीत ते वाजलं तेव्हा त्याचं मूळ कुणी विचारलं नाही. त्याच १९८२मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर दहा राग बसवून रेकॉर्ड केली. ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले.

आता व्याख्येकडे. न्यू वेव्ह म्हणजे पंकने मोकळ्या केलेल्या जागेत यंत्र, नाच आणि दूरदेशीचे ताल घेऊन वसलेली वस्ती, असं मी म्हणेन. तिच्या वेशीवरची पाटी कंपनीने लावली. पाटीमुळे ब्लाँडी जगभर गेली. पाटी नसल्यामुळे ‘एलियन कल्चर’ विसरला गेला आणि चरणजित सिंग अडगळीत पडले. म्हणून इतिहास वाचताना पाटीखालचे लोक मोजावेत, तसे पाटीबाहेरचेही मोजावेत. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘रिमेन इन लाइट’ आणि ‘घोस्ट टाउन’ आधी ऐकावं, आणि त्यानंतर लगेच चरणजित सिंग यांचा भैरव लावावा. सगळ्यांचं अंतर जेमतेम दोन वर्षांचं आहे.