रात्री साडेनऊचा तोतया

परवा राहुरी तालुक्यातल्या आमच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. मला शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. म्हणाले, "बातमी करू नकोस रे, पण एक सांगायचंय."

मोबाईलवर मेसेज आला होता. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याला या नंबरवर फोन करा. गुरुजींनी फोन केला. समोरचा 'साहेब' एकदम नम्र. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, मग 'अपडेट'साठी फक्त दहा रुपये भरायला लावले. थोड्या वेळात पेन्शनच्या खात्यातून ४८ हजार गेले. बिल तर आठ दिवसांपूर्वीच भरलेलं. पावती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली!

मी विचारलं, "गुरुजी, पावती असताना घाबरलात कशाला?"

"वाटलं, त्यांच्याकडेच काही चुकलं असेल. लाईट तोडणाऱ्याशी कुठं वाद घालायचा?"

हे उत्तर डोक्यातून जाईना. कारण त्यात आपल्या जिल्ह्याच्या विजेचा इतिहास आहे.

राज्याचं वीज मंडळ १९६० साली झालं. त्यानंतरच्या दशकात ग्रामीण वीज सहकारातून द्यायचा प्रयोग देशात पाच ठिकाणी सुरू झाला: कर्नाटकात हुकेरी, आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौजवळ आणि महाराष्ट्रात आपली मुळा-प्रवरा. श्रीरामपूरची ही संस्था. साखर कारखान्यासारखी विजेचीही सोसायटी, आणि ग्राहक हाच सभासद. कारभारावर टीका झाली, थकबाकी झाली, राजकारणही भरपूर झालं. पण एक होतं. खांबावर चढणारा वायरमन कोण, कुणाचा, राहतो कुठे, हे गावाला माहीत असायचं. डीपी जळाली की त्याच्याच दारात जायचं. वीज तोडायला तोच यायचा. त्याला चहा पाजून "दोन दिवस थांब बाबा, उसाचं पेमेंट येतंय" म्हणता यायचं.

भीतीही तेव्हाचीच. मोटर बंद म्हणजे उभं पीक वाळणार. लोडशेडिंगच्या काळात रात्री-अपरात्री पाणी धरलेल्या पिढीला वीज जाण्याची धास्ती समजावून सांगावी लागत नाही.

पुढे २००३ चा वीज कायदा आला. जून २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि महावितरण जन्माला आली. २०११ मध्ये मुळा-प्रवराचा परवाना संपला. नियामक आयोगाने तो भाग महावितरणकडे दिला. बिल मोबाईलवर आलं, भरणा मोबाईलवर झाला, रांग गेली. सोय झाली, यात शंका नाही. पण चेहरा गेला. धास्ती मात्र तशीच राहिली. त्या रिकाम्या जागेत हा 'वीज अधिकारी' येऊन बसला. २०२२ च्या सुमारास असे मेसेज देशभर फिरले. मजकूर जवळजवळ तोच, फक्त कंपनी बदलायची.

मराठीत अशा माणसाला जुना शब्द आहे: तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण पुढे आला. १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात फौज उभी केली, किल्लेही घेतले. शेवटी पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. पण हजारो माणसं त्याच्यामागे गेली कशी? भाऊ जिवंत असावेत असं अनेकांना मनातून वाटत होतं. तोतया नवीन काही पटवत नाही. आपल्या मनात आधीच असतं, तेच तो बोलतो. तेव्हा ती आशा होती, आज भीती आहे. गंमत म्हणजे हा धडा मला गुरुजींनीच शिकवलेला.

मग तोतया ओळखायचा कसा?

एक, कायदा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कलम ५६ प्रमाणे किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती मोबाईलवरही येऊ शकते. पण दुपारी मेसेज आणि रात्री साडेनऊला तोडणी, हे कायद्यात बसत नाही.

दोन, नंबर. कंपनीचे मेसेज 'एमएसईडीसीएल' या नावाने येतात, दहा आकडी खासगी नंबरवरून नाही. गुरुजींच्या मेसेजमध्ये बारा आकडी ग्राहक क्रमांक नव्हता, नावही नव्हतं. तो कुणालाही लागू पडला असता.

तीन, मागणी. खरा वायरमनही कधी फोन करून बिल भरा म्हणतो. पण ॲप टाका, आलेली फाईल उघडा, ओटीपी सांगा असं तो म्हणणार नाही. त्या ॲपमुळे आपली स्क्रीन समोरच्याला दिसते. दहा रुपये भरताना आपण टाकलेलं सगळं तो बघत असतो. दहा रुपये त्याला नकोच असतात.

शंका आली तर मेसेजमधला नंबर सोडा. १९१२ ला विचारा, नाहीतर उठून कार्यालयात जा.

आणि पैसे गेलेच तर तिथल्या तिथे १९३० ला फोन करा, बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जायच्या आत तक्रार गेली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. गुरुजी दोन दिवस गप्प बसले. का? "शिकलेला माणूस फसला म्हणून लोक हसतील." पैसे चोराने नेले खरे, पण ते दोन दिवस या लाजेने नेले.

काल त्यांचा परत फोन आला. म्हणाले, "नाव घालू नकोस, पण लिही."

म्हणून लिहिलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. आणि कुणी फसलेलं सांगायला आलं, तर हसू नका.